आत्या कुठे गेली होती

ताप चढला की आत्याचे दात कडकडा वाजत आणि उतरला की चादर पिळून काढावी इतका घाम येई. शेवटी भाच्यानं तिला उचलूनच दवाखान्यात आणलं.

"परदेशात कुठे जाऊन आलात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो, मैत्रिणीकडे होती, डोंगरात. थंड हवेला," उत्तर भाच्यानंच दिलं. आत्या छताकडे बघत राहिली.

डॉक्टरबाईंना ते पटेना. थंड हवेला राहिलेल्या बाईची मान उन्हानं रापलेली, घोट्यांवर डास चावल्याचे डाग. रक्त घेऊन त्या स्वतःच तपासायला निघाल्या, तर भाचा मागोमाग आला.

"डॉक्टर, तिनं सांगितलं तेच मी बोललो, पण तिची ती मैत्रीण मला बाजारात भेटली. म्हणाली, तुझी आत्या वर्षभर दिसलीच नाही. काहीतरी शिजतंय. तुम्हाला काही बोलली?"

"आधी रक्त काय बोलतंय ते बघू."

सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत अंगठीसारखे बारीक जंतू दिसले. मलेरिया, आणि तोही जिवावर उठणारा. या भागात तो होतच नाही. बाहेरूनच अंगात यावा लागतो.

डॉक्टरबाईंनी भाच्याला बाहेर बसवलं आणि दार लोटलं. "बाई, हा ताप डोंगरातला नाही. कुठल्या देशात होतात ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

आत्यानं दाराकडे बघत देशाचं नाव कुजबुजत सांगितलं. "माझा भाऊ असतो तिथे. याचा बाप. दुसरा संसार थाटून बसलाय. याला आम्ही लहानपणीच सांगून टाकलं, बाप वारला म्हणून. भावानं अंथरूण धरलंय असं कळलं, मग मला राहवेना."

सलाइनमधून औषध सुरू झालं. ताप उतरू लागला तसा भाच्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आता गोलगोल बोलू नकोस. गुपचूप घर विकायला काढलंयस ना?"

आत्याला आधी हसू फुटलं, मग रडू. आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

त्यानं विचारलं, "माझ्यासारखे दिसतात?"

"नाक तेच. चिडतोही तसाच."

तो उठून गेला. नंतर फिरकलाच नाही. जेवण बायकोच्या हाती पाठवायचा. आत्याला घरी सोडायच्या दिवशी मात्र आला, तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "तिकडे जायचं तर आधीच घ्यायच्या गोळ्या असतात ना? मला लिहून द्या."