हात पोटात गेलाच नव्हता

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर वेल्डर उघड्या पोटाने तळमळत होता आणि त्याची बायको त्याचे पाय दाबून उभी होती. हातवाले महाराज बाह्या सरसावून म्हणाले, "ना चाकू, ना टाका. शरीर मला आपण होऊन वाट देतं." शरीराला दुसरा उद्योग काय असणार! महाराजांची बोटं पोटात बुडाली, रक्त उसळलं आणि लोकांनी हात जोडले.

गेल्या खेपेला महाराजांनी असाच पित्ताचा खडा काढला होता आणि संध्याकाळपर्यंत दुखणं पळालं होतं. म्हणून तर बायकोने ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. आता मात्र नवऱ्याच्या अंगात ताप होता, डोळे पिवळेजर्द झाले होते. दवाखान्यातल्या गोळ्यांनी खडा पुन्हा धरला, असं महाराजांचं म्हणणं. तिला ते पटलं, कारण दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात, ज्यांच्याकडे ते ऑपरेशन ठरलं होतं, त्या सर्जनबाई गर्दीतून वाट काढत आल्या. वेल्डरच्या बहिणीने घाबरून त्यांना फोन केला होता. याला आत्ताच्या आत्ता हलवा, असं त्या म्हणतात न म्हणतात तोच एका चेल्याने स्टूल उचलून त्यांच्या कपाळावर हाणलं. भुवई फाटली. दुसऱ्याने कमरेत लाथ घातली. पडता पडता बाईंच्या हाती महाराजांचा टॉवेल आला आणि त्यातून लाल पाण्याचे दोन फुगे आणि मूठभर खडे फरशीवर सांडले.

बाईंनी उठून एक फुगा आणि एक खडा उचलला, महाराजांना भिंतीशी रेटलं आणि बोटं दुमडून त्यांच्याच सुटलेल्या पोटात दाबली. फुगा फुटला. बघणाऱ्याला वाटावं, अख्खा पंजा आत गेला. मग त्यांनी खडा वर धरला.

"घ्या. महाराजांनाही खडा होता."

लोक महाराजांवर तुटून पडले. मघाशी जोडलेल्याच हातांनी त्यांचे दात पाडले. वेल्डरच्या बायकोने तेच स्टूल महाराजांच्या मनगटावर घातलं, हाड कडकन मोडलं. तिला बरं वाटलं. दुसरा घाव बाईंनी अडवला.

"याला मारून नवरा वाचणार नाही. पाय धरा, उचला त्याला."

गाडीत बायकोचा संताप बाईंकडे वळला. "खडा आतच होता, तर तेव्हा दुखणं थांबलं कसं?"

"खडा पित्ताच्या पिशवीच्या तोंडाशी अडकला की दुखतं. मागे सरकला की आपोआप थांबतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? मी विचारलं, तर ऑपरेशनच्या कागदावर सही करा म्हणालात."

बाईंनी डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं. "नाही सांगितलं. चुकलंच माझं. आता सगळं सांगते, आणि मग तुम्ही ते मला तुमच्या शब्दांत सांगायचं."

ऐकून झाल्यावर बायको रडत रडत म्हणाली, "दुखायचं थांबलं म्हणजे खडा गेला, असं नाही. आता तो पित्ताच्या नळीत अडकलाय, म्हणून डोळे पिवळे. आधी नळी मोकळी करणार, मग पिशवी काढणार. आणि वाचेलच, असं नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

वेल्डर वाचला, पण थोडक्यात. महाराजांची सगळी विद्या एवढीच, की थांबणारं दुखणं थांबण्याची वेळ गाठायची. ती चालली, कारण डॉक्टरांनी एक वाक्य गिळलं होतं. तेव्हा डॉक्टरांनो, सांगा. आणि तुम्ही विचारा. आपल्या शब्दांत सांगता येईपर्यंत विचारत राहा.