दिसेना म्हणून थांबलेली गाडी

मी एक जुनी, चालकाशिवाय चालणारी गाडी आहे. गाडी म्हणजे तरी काय, लहान सायकलींची चार चाकं, स्कूटरची बॅटरी आणि वर लोखंडी पत्रा. मखमलाबादच्या मळ्यात, फुलांच्या रिकाम्या क्रेटांआड मी पडून असते.

मित्रांनो, मला ज्योत्स्नाने घडवलं. तिचे वडील गोटीराम झेंडू पिकवायचे; ती त्यांना दादा म्हणायची. एका हिवाळी पहाटे ते टेम्पो घेऊन गणेशवाडीच्या फुलबाजाराकडे निघाले. धुकं असं, की अंगणातली तुळस दिसेना. तिची आई वत्सलाबाई म्हणाल्या, जरा उजाडू द्या. ते म्हणाले, रस्ता माझ्या पायाखालचा आहे. कालव्याशी रस्ता वळला, टेम्पो वळला नाही. दिवसभर पाण्यावर झेंडू तरंगत राहिला.

ज्योत्स्ना तेव्हा शाळेत होती. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली आणि शेवटच्या वर्षी, २००७ साली, मी जन्मले. धुक्यातून माणसाला सुखरूप घरी आणणारी गाडी तिला करायची होती. माझ्या कपाळावर तिने कॅमेऱ्याचा डोळा बसवला. पण धुक्यात डोळ्याला सगळं पांढरंच दिसतं, पावसात काचेवरचा थेंबही धोंडा वाटतो. म्हणून तिने मला कान दिले. माणसाला ऐकू न येणारी हाक मी घालायची. ती समोर आपटून परतली, की वस्तू किती लांब ते कळायचं.

"डोळा चुकेल, कानही चुकेल," ती मला सांगायची. "दोघांचं जुळलं नाही, तर पुढं जायचं नाही. थांबायचं."

परीक्षेच्या सकाळी कॉलेजच्या पटांगणात धुकं उतरलं. ज्योत्स्ना हरखली. वत्सलाबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या होत्या. नवं वाहन पूजेशिवाय कसं निघेल? टेम्पो असो, ट्रॅक्टर असो, बोट कपाळालाच टेकायचं. ज्योत्स्ना मागे वायरी जोडत वाकली होती. बाईंनी माझं कपाळ शोधलं. तिथे माझा डोळा होता.

मी निघाले. कान म्हणाले, वाट मोकळी आहे. डोळा म्हणाला, समोर लाल भिंत आहे. जुळेना. मी थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

परीक्षक हसले. "नुसतं थांबायचंच होतं, तर चाकं कशाला लावली, मॅडम?"

ज्योत्स्ना धावत आली. काचेवरचा बोटाचा ठसा तिने ओळखला. वत्सलाबाईंनी विचारलं, काय झालं गं? तिने इतकंच सांगितलं, की गाडीला दिसलं नाही.

बाई माझ्याशेजारी मातीत बसल्या. पदराने माझी काच पुसू लागल्या.

"दिसंना म्हणून थांबली व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या दादांना एवढंच जमलं नाय गं."

पुढे ज्योत्स्ना नोकरीला पुण्याला गेली. माझी बॅटरी उतरली, कान गंजले. मला आता कुणी चालवत नाही. पण दर दसऱ्याला वत्सलाबाई येतात, डोळ्यावरची धूळ पुसतात. कुंकू मात्र चाकाला लावतात, काचेपासून लांब. पदराला लागलेला लाल डाग त्यांनी त्या दिवशीच पाहिला असणार. दोघी मायलेकी त्यावर कधी बोलल्या नाहीत.

मित्रांनो, गाडीची काच पुसून निघत जा. आणि दिसेनासं झालं, की रस्ता कितीही ओळखीचा असो, थांबत जा. कुणी हसलं तर हसू द्या. काच पुसताना बाई गुणगुणतात, ते मला पाठ झालंय:

धुकं दाटलं दाटलं, वाट दिसंना डोळ्याला,
थांबा जरा कारभारी, ऊन येऊ द्या मळ्याला.