सालीखालचा हिरवा थर

थोरली वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला. खोडांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे, निम्मा जन्म त्यातच गेला. पण घरच्या ओट्यावर खिडकीतला तो निवडुंग आडवा घातला आणि बाईंची सुरी काही पुढे सरकेना.

निवडुंग धाकट्या भावाचा. तो गेल्यापासून आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या कुंडीपाशी बसायची, काहीबाही पुटपुटायची. आता झाड बुडातून सडलं होतं. "वाचव गं त्याला," आई म्हणाली. जसं काही पोरगंच तापानं फणफणलंय!

थोरली त्या झाडाला पाण्यात पाहायची. धाकट्यानं याचाच तुकडा खाल्ला, गच्चीवर गेला आणि कठड्यापुढेही जमीन असल्यासारखा चालत राहिला. हे तिला एकटीला ठाऊक. आईला सांगितलं, पाय घसरला.

तिनं पहिला काप घेतला. वर मेणचट साल, खाली गर्द हिरवा थर, मग पांढरा बुळबुळीत गर, मधोमध शिरांचं कडं. भुलवणारं ते मेस्कलीन बहुतेक सगळं त्या हिरव्यात. पांढरा गर बिचारा साधा. कडं तपकिरी दिसलं. सड शिरांतूनच वर चढते; कडं पांढरं लागेल तिथून वरचा शेंडा पुन्हा रुजतो. आणखी वर कापलं, पुन्हा तपकिरी. थोरलीला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला! शेंड्यापर्यंत सडलेलं निघू दे, एकदाची ब्याद टळू दे.

वीतभर शेंडा उरला आणि कडं स्वच्छ पांढरं निघालं. त्याच तुकड्यावर सुरीची जुनी खूण होती. पांढऱ्याला धक्का न लावता नेमका हिरवा थर तासून नेलेला, वर खरखरीत खपली. थोरलीनं पटकन तिच्यावर अंगठा ठेवला.

"सगळंच सडलंय गं, आई."

"मग हे पांढरं कसं?" आई तिच्या खांद्याशीच उभी होती. "आणि अंगठा काढ. रोज पुसते मी तिथली धूळ."

थोरलीनं अंगठा काढला. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. सुरी तशीच टाकून गेला होता. मी धुतली. त्याआधी चाटून पाहिली. कडू जहर."

"आणि तरी याच्याशी गप्पा मारतेस?"

"गप्पा कसल्या डोंबलाच्या! विचारते त्याला. माझ्या लेकराला कठड्यापुढं काय दाखवलंस, सांग. अजून बोललेलं नाही." आईनं शेंडा उचलून थोरलीच्या हातात ठेवला. "वाचव गं त्याला."

थोरलीनं कापलेली बाजू पुसली आणि शेंडा पुन्हा लावण्याआधी खिडकीत कोरड्या कागदावर सुकायला ठेवला. तिला रडू आवरेना.

सकाळी आई चहा घेऊन खिडकीशी बसली, तेव्हा थोरलीही आपला कप घेऊन शेजारी टेकली. आईनं विचारायचं ते विचारलं. मग दोघी कागदावरच्या त्या शेंड्याकडे बघत चहा प्यायल्या. थोरलीनंही कान दिला होता, खोटं कशाला बोला.