लेक्कर म्हणजे काय

निधीला आता त्या शब्दाचा वैताग आला होता.

सांडोर गावी ॲन्सेल्म अंकलच्या पडवीत डच पाहुणी बसली होती. मारेके, जोआनाच्या मित्राची आई. अंकलची लेक जोआना तिकडेच नर्स. सुट्टीला आली ती या बाईंना घेऊनच. आपली पोर यांना सून म्हणून चालेल का, एवढंच अंकलना जाणून घ्यायचं होतं. पण मुलीच्या बापाने थेट विचारायचं नाही, ही त्यांची रीत. बाईंचं इंग्रजी बेताचं, आणि स्वतःच्या लग्नाची बोलणी जोआनाने कशी करायची? म्हणून बोळिंजहून तिची मैत्रीण बोलावली होती. निधी रसायनशास्त्रात एमएस्सी, शिवाय हौसेने डच शिकलेली.

वाळवलेल्या केळ्याचं सुकेळं खाऊन बाई म्हणाल्या, "लेक्कर."

"चविष्ट," निधीने सांगितलं.

केळीच्या बागेतून वारा आला. "लेक्कर."

"छान गार."

रात्री झोप लागली का? तीही लेक्कर.

"अगं बाय, मघाशी चविष्ट होतं ना?" अंकल म्हणाले. "कोर्स पुरा केलास की अर्धाच?"

"जिवाला बरं वाटेल त्या सगळ्याला हाच शब्द, अंकल." दहा बाटल्यांना एकच लेबल, निधी मनात चरफडली.

"मग विचार, आमची जोआनापण लेक्कर का?"

निधीचे कान तापले. "माणसाला तसं म्हणत नाहीत."

"का?"

"अर्थ वाह्यात होतो. राहू द्या."

चहा झाला, पुन्हा लेक्कर झालं. शेवटी निधीने अंकलना न विचारताच प्रश्न टाकला, जोआना सून म्हणून पसंत आहे का?

बाई निधीला कळावं म्हणून सावकाश बोलल्या. जोआना मला आवडतेच. पण दोघं दोन वर्षं एका घरात राहतात, सुखात आहेत. माझ्या पसंतीचा प्रश्न येतो कुठे?

निधीला शब्दन्‌शब्द कळला. जोआना नर्सेसच्या हॉस्टेलवर राहते, असं या घरात सगळे समजत होते. निधीसुद्धा.

स्वयंपाकघराच्या दारात जोआना ट्रे घेऊन थबकली होती. तिने निधीकडे बघून हळूच मान हलवली. नको.

"काय म्हणाली?" अंकलनी विचारलं.

"त्यांना जोआना आवडते."

"एवढं लांब बोलली ती."

"बाकीचं मी नाही सांगणार, अंकल. जोआनाला विचारा."

अंकल वळले. जोआनाने ट्रे खाली ठेवला, निधीकडे जळजळीत नजर टाकली आणि बापासमोर खुर्ची ओढून बसली.