मान्यवर कक्ष

तुर्भ्याच्या वाचनालयाचा नकाशा संस्थेकडून परत आला आणि आर्किटेक्ट संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अभ्यासाचा ऐसपैस हॉल, वारा खेळेल अशा खिडक्या, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, सगळं तसंच होतं. फक्त बायकांचं स्वच्छतागृह खोडून तिथे 'मान्यवर कक्ष' लिहिलं होतं. मान्यवर येणार जयंतीला आणि झेंडावंदनाला. पोरी येणार रोज, सकाळपासून. त्यांनी काय करायचं? अध्यक्ष मधुकरराव फोनवर म्हणाले, घर काय लांब आहे का?

संघमित्रा याच वस्तीत वाढलेली. दुपारी अभ्यासावरून 'जरा घरी जाऊन येते' म्हणून उठलेल्या मैत्रिणी तिला संध्याकाळी भांडी घासताना दिसायच्या. घरी गेलेल्या पोरीला घर परत सोडत नाही.

सांगून कळत नसेल तर भोगून कळू दे, असं म्हणत तिने समितीची बैठक अर्धवट बांधकामावरच बोलावली. चहा, सरबत, पुन्हा चहा. एकेक खिडकी समजावत तिने बैठक मुद्दाम लांबवली. मधुमेही मधुकरराव चुळबुळू लागले. आता विचारा कुठे जायचं ते, संघमित्रा मनात म्हणाली.

त्यांनी विचारलंच नाही. सिमेंटच्या गोण्यांमागे जाऊन मोकळे होऊन आले. मागोमाग बाकीचे पुरुषही जाऊन आले. संघमित्राला स्वतःच्या अकलेची चीड आली. पुरुषांना भिंत पुरते, हे ती विसरलीच कशी?

"मग फायनल करूया ना?" मधुकररावांनी खुशीत विचारलं.

समितीत बाई एकच, निवृत्त शिक्षिका मीनाताई. आजवर प्रत्येक ठरावाला त्यांनी मुकाट मान हलवली होती. त्यांचा चहा आणि सरबत तसंच पडून होतं. सापळा लावला पुरुषांसाठी आणि अडकली ही बाई, हे संघमित्राला आत्ता दिसलं आणि ती शरमली.

"तुमचं झालं, मधुकरराव," मीनाताई म्हणाल्या. "माझं काय?"

मधुकरराव खिशातलं सहीचं पेन चाचपू लागले.

"उभा जन्म शाळेत शिकवलं. निघताना कधी घोटभर पाणी प्यायले नाही. आज साइटवर मीटिंग म्हटल्यावर सकाळपासून तोंड कोरडं ठेवलंय. तरी आता बसवत नाही." त्या कशाबशा उठल्या. "मी घरी जाऊन येते. आणि मी परत येईपर्यंत कुणी सही केली, तर याद राखा."