तिन्ही हॉटेलांत ढेकूण

छोटूचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत पायजमे वाळत घालत होतो. छोटू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय पन्नाशीला टेकलंय, पोट टेबलाला टेकलंय, तिकडे मायदेशात त्याचा मोठा कारखाना आहे, हाताखाली ढीगभर माणसं आहेत. पण घरात तो छोटूच.

"दादा, आम्ही पुढच्या महिन्यात युरोप करतोय," तो म्हणाला. "तुमच्या शहरातही येणार. नदीकाठी ती तीन मोठी हॉटेलं आहेत ना, त्यातलं बेस्ट कुठलं ते सांग. तू रोजच जातोस तिथे."

रोज जातो हे खरंय. मागच्या दारानं. मी लाँड्रीची गाडी चालवतो. तिन्ही हॉटेलांच्या मळक्या चादरी, अभ्रे, टॉवेल उचलायचे आणि धुतलेले नेऊन टाकायचे. आमच्या लाँड्रीत त्यांची खरी नावं कुणी घेत नाही. एक घड्याळवालं, एक जिनेवालं आणि एक आरशांचं.

फोन स्पीकरवर होता, कारण आई शेजारी कान लावून बसली होती. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून छोटू तिला भेटतो तो मोबाइलच्या काचेत. मध्यंतरी तिच्या हृदयानं नाटकं सुरू केली आणि डॉक्टरीणबाईंनी विमान कायमचं बंद केलं. म्हणजे आता छोटू आला तरच भेट. ही गोष्ट मी त्याला नीट, थट्टामस्करी न करता सांगितली होती. मला तसंही बोलता येतं, फार दम लागतो एवढंच.

"हॉटेल कशाला रे?" आई म्हणाली. "घर आहे की."

"अगं, तुमच्याकडे जागा किती, उगाच तुम्हाला त्रास. आणि हिला बाथरूम वेगळं लागतं."

"एक रात्र तरी ये. बाकीच्या रात्री राहा जिथे राहायचं तिथे."

"बघू," छोटू म्हणाला.

आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'नाही'. वडिलांनी मला सायकल घेतो म्हणून जन्मभर 'बघू' म्हटलं होतं.

पण आईनं तो 'बघू' खरा धरला आणि कामाला लागली. आमच्याकडे एक छोटी खोली आहे, तिच्यात शिलाई मशीन, जुना पंखा आणि माझ्या बायकोचा माझ्यावरचा राग, एवढं सगळं ठेवलेलं असतं. ते बाहेर काढलं. मी भिंतीला रंग दिला. गादी नवी आणली. चादरींचा प्रश्न मी सोडवला. हॉटेलांची एक रीत आहे, चादरीवर टिकलीएवढा डाग राहिला तरी ती खोलीत जात नाही. लाँड्रीत आम्ही तिचा कोपरा कातरतो आणि बाद म्हणून फडक्यांच्या ढिगात टाकतो. मुकादमाला विचारून मी त्यातल्या बऱ्या बघून घरी आणल्या, बायकोनं कातरलेले कोपरे शिवून घेतले. मग मी हॉटेलात घालतात तसा पलंग घातला. चादर अशी ताणली की वर नाणं टाकलं तर उडेल.

आई दारात उभी राहून बघत होती. "चार उशा कशाला? डोकं एकच आहे त्याचं."

"मोठ्या माणसांना लागतात."

"तो मोठा कधी झाला?" ती म्हणाली, आणि एक उशी उचलून परत सरळ ठेवली.

आता मला छोटूला उत्तर द्यायचं होतं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तुलनाच करायची तर रीतसर करू. पुढच्या दारानं जाऊ. मी तिन्ही हॉटेलांना फोन केला. म्हटलं, मी एका फार मोठ्या बाईसाहेबांचा सेक्रेटरी आहे, त्यांच्या नातवाच्या लग्नाला अख्खा मजला हवाय, खोल्या बघायला कधी येऊ. तिन्हीकडून आवाज एकदम तुपाळ झाले.

"मी नाही असल्या भानगडीत येणार," आई म्हणाली. थोड्या वेळानं आतून विचारलं, "जांभळी नेसू की हिरवी?"

घड्याळवाल्यात आम्हाला एक सूटवाला खोल्या दाखवायला आला. त्याचे बूट इतके चकचकीत, की त्यात त्याचीच हनुवटी दिसत असेल. आई खोलीच्या उंबऱ्यात थांबली. "चपला कुठे काढायच्या?"

सूटवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "बाईसाहेब विचारतात, सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं?" मी म्हटलं.

त्यानं धावत जाऊन पडदे उघडले. आईनं पडदा चिमटीत धरला. "ह्याला म्हणावं, धुवायला टाक. धूळ आहे."

"बाईसाहेबांना कापड फार आवडलं."

सूटवाला वाकला. आईपण जराशी मान हलवून उभी राहिली, अगदी कुठल्या संस्थानची राणी असल्यासारखी. बाहेर आल्यावर म्हणते, "खोटं बोलताना तुझे कान हलतात. लहानपणापासून."

जिनेवाल्यात घोटाळाच होणार होता. रोज सकाळी माझे टॉवेल मोजून घेणारा मागचा गोदामवाला नेमका लॉबीतून निघाला होता. मी कोटात, हातात आईची पर्स. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. तर पठ्ठ्या कमरेत वाकून म्हणाला, "या साहेब, प्रवास बरा झाला ना?" दुसऱ्या दिवशी माल उतरवताना म्हणाला, "काल तुझा जुळा भाऊ आला होता. तुझ्यापेक्षा अंगानं स्वच्छ आहे."

तिथल्या बाथरूममध्ये आईनं टबाच्या काठावर बसून घेतलं. "ह्यात माणूस अंघोळ करतो की दफन होतो?" मी ते भाषांतर न करता नुसतं "वा" म्हटलं.

शेवटचं आरशांचं. तिथे आम्हाला एका तरुण बाईनं खोली दाखवली, चहा मागवला आणि "निवांत बसा" म्हणून जरा बाजूला उभी राहिली. आई पलंगाच्या कडेला बसली. खिडकीतून नदी दिसत होती. तिनं चादरीवर हात फिरवला. मला वाटलं आता काहीतरी टोला हाणणार. तिनं चादरीवरची एक सुरकुती हातानं सरळ केली.

मग म्हणाली, "त्याला इथेच राहू दे."

"का? आपली खोली काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण त्याची बायको बॅगा कुठे ठेवेल? तो उगाच अवघडून बसेल आणि सकाळ कधी होते बघत राहील. त्यापेक्षा इथे राहू दे. दुपारी तासभर येईल चहाला. मला तेवढं पुरे."

"तासभर कशाला? रात्रभर आणतो त्याला. मी आहे ना."

"तू आहेस, तीच धास्ती आहे."

तरुण बाईनं हळूच विचारलं, "काय म्हणतात मॅडम?"

"गादी जरा कडक आहे म्हणतात," मी म्हटलं.

आईचं ऐकायला हवं होतं असं आता कुणीही सांगेल. पण तासभर चहा म्हणजे काय? पाऊण तास तर त्याची बायको बूट काढायचे की नाही ह्यातच घालवेल. मला तो हवा होता रात्री त्या पलंगावर घोरताना, आणि आई हवी होती दारात उभी राहून ते घोरणं ऐकताना. घरी आलो, कोट काढला आणि छोटूला आवाजी मेसेज पाठवला. असा मेसेज माझ्या हयातीत झाला नाही.

"छोटू, तिन्ही हॉटेलं आतून बघितली. घड्याळवाल्याचं बांधकाम काढलंय, सकाळी उजाडल्यापासून ड्रिल. जिनेवाल्यात गरम पाणी आलं तर आलं, मागच्या आठवड्यात एक पाहुणा साबण लावून टॉवेलवर लॉबीत आला होता. आणि आरशांच्यात ढेकूण आहेत. तशी तिन्हीकडे आहेत. चादरी मी उचलतो, मला विचार. गलेलठ्ठ, उच्चभ्रू ढेकूण. बाहेर बोर्ड केवढाही लावू देत. तू सरळ घरी ये. खोली तयार आहे, आईनं स्वतः आवरलीय."

बायको शेजारी भाजी निवडत होती. "ढेकूण जरा जास्त झाले," ती म्हणाली.

"ढेकणांशिवाय माणूस हलत नाही."

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. मी ते गाडीत ऐकलं, लाँड्रीच्या फाटकाशी.

"दादा, थँक यू रे, वाचवलंस. हिला ढेकणांचं नाव काढलं तरी खाज सुटते. मी आमच्या बरोबरच्यांनाही सांगितलं. आम्ही तुमचं शहरच काढून टाकलं. ते दोन दिवस आता तळ्याकाठी जास्त राहतोय, बुकिंग झालंसुद्धा. आईला तू सांग. तुला जमतं तिला हसवत सांगायला. पुढच्या वेळी नक्की."

मी ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

आता छोटूचं एक सांगतो. ह्या माणसानं माझ्या एका शब्दावर कधी विश्वास ठेवलेला नाही. त्याच्या लग्नात मी सांगितलं, मांडवामागे वायर जळतेय, तर म्हणाला, जा रे. अर्धा मांडव काळा झाला. वडील गेले तेव्हा मी तिकडे आईजवळ होतो, फोन मीच केला होता. त्यानं म्हटलं, "दादा, पुरे कर, आईला दे फोन." आईच्या तोंडून ऐकल्यावर रडला. असा हा माणूस. शहरातल्या तिन्ही सर्वांत महागड्या हॉटेलांत एकाच वेळी ढेकूण, साबण लावलेला पाहुणा, ड्रिल, हे सगळं त्यानं एका दमात गिळलं. पडताळलं नाही. हसला नाही. घराचं तर नावच काढलं नाही.

त्याला ढेकूण हवेच होते. मी फक्त पुरवले.

घरी पोचलो. आई त्या खोलीत पलंगाच्या बाजूला स्टूल ठेवून बघत होती, पाण्याचा तांब्या कुठल्या हाताला ठेवावा. मी येताना वाटेत तीन विनोद जुळवून आणले होते. त्यातला पहिलाच सुरू केला आणि तिनं माझ्या कानांकडे बघितलं.

"काय झालं?"

मी मेसेज तिला ऐकवला. काय करणार. बायको दारात येऊन उभी राहिली.

आई म्हणाली, "ढेकूण तू सांगितलेस?"

"हो."

"लाव त्याला फोन. मी सांगते. मी डोळ्यांनी बघितलंय, तिन्ही हॉटेलं लखलखीत आहेत. आरशांच्यात राहा म्हणते. चहालाही येऊ नको हवं तर, मीच खाली येऊन बसते त्या लॉबीत."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. छोटूनं लगेच उचलला. मागे कुणीतरी बॅगांची चाकं ओढत होतं.

"छोटू, अरे, ते हॉटेल..." आई म्हणाली.

"हो ना आई. मला किती वाईट वाटतंय माहितीये?" त्याचा आवाज घाईत होता, पोरगा मार चुकवताना बोलतो तसा. "माझी फार इच्छा होती गं. पण दादा म्हणतोय म्हणजे असणारच ना ढेकूण. तो आतला माणूस. आहेत ना गं? तू सांग."

आईचा हात पलंगावर होता, मी ताणलेल्या चादरीवर. मी मान हलवून खुणावत होतो, सांग, नाहीत म्हणून सांग, दादा लबाड आहे म्हण, काहीही म्हण. ती माझ्याकडे बघतही नव्हती. फोनकडे बघत होती. लहानपणी छोटू पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायचा, तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून ती अशीच बघायची.

"आहेत ना आई?"

"हो रे," ती म्हणाली. "आहेत. मी बघितले, गादीच्या शिवणीत. तू नको येऊस."

"बघ, मी म्हटलं ना हिला." छोटूचा श्वास सुटलेला मला इकडे ऐकू आला. "पुढच्या वेळी नक्की हं आई. बघू."

"हो. तळ्याकाठी गार असेल. स्वेटर घेऊन जा."

तिनं फोन माझ्या हातात दिला. मी आयुष्यभर थापा मारत आलोय, माझ्या थापांवर ह्या गल्लीत दोन लग्नं जुळलीत आणि एक मोडलंय. पण अशी, एक पापणी न हलवता, माझ्याच्यानं कधी मारली गेली नाही.

"आई," मी म्हटलं.

"आता तू जरा वेळ गप्प बस," ती म्हणाली, आणि स्टूल उचलून बाहेर घेऊन गेली.