घोट्यावरची टीप

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची लेक दूर एका प्रयोगशाळेत कापड बनवायची. अंगावर मिरवायचं नव्हे, वीज देणारं. वाकलं, ताणलं की त्यात चिमूटभर वीज तयार व्हायची. मागे घरी आली तेव्हा रडकुंडीला आली होती. त्या कापडाची पट्टी सारखी शिवणीवरच फाटायची. मास्तरांनी ती बोटांत ताणून पाहिली.

“अगं, ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप घातलीस तर ती तुटणारच,” म्हणाले आणि नागमोडी टीप मारून दिली.

लेकीने तीच पट्टी त्यांच्या घोट्याला बांधली. “बाबा, तुम्ही मशीनवर पाय मारलात की तिकडे माझ्या टेबलावर दिवा लागेल. पट्टीचा निरोप तुमच्या फोनमधून तिकडे येतो.”

तेव्हापासून मास्तर मशीन चालवत ते सदरे शिवायला कमी, दिवा लावायला जास्त. दिवा रोज लागत होता, म्हणूनच बहुधा फोन येत नव्हता. बाप ठणठणीत आहे हे दिसत असताना विचारायचं काय? तीन आठवडे झाले.

एका सकाळी मास्तरांनी पाय पायडलवरून काढून स्टुलावर ठेवला.

“काय मास्तर, संप?” शेजारच्या इस्त्रीवाल्याने विचारलं.

“पायाला सुट्टी दिलीय.”

“तोंडालाही द्या एखादी.”

दुपारी फोन वाजला. मास्तरांनी मुद्दाम जरा वाजू दिला.

“बाबा, बरे आहात ना? दिवा लागेना!”

तुझी आठवण येते, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं गिळून ते म्हणाले, “मला काय धाड भरलीय? पट्टीची टीप उसवलीय. इथे येऊनच बघावी लागेल.”

“तुमची टीप? उसवली?” मग ती म्हणाली, “बरं. बघते कसं जमतंय.”

फोन ठेवला आणि मग मास्तरांच्या ध्यानात आलं. पोरगी आली आणि पट्टी धडधाकट निघाली तर? त्यांनी पट्टी सोडून मांडीवर घेतली, ब्लेड काढलं. चाळीस वर्षांत स्वतःची चांगली टीप कधी उसवली नव्हती. टीपही हट्टी, एकेका टाक्याला पट्टी वाकवायची, ओढायची, तेव्हा कुठे धागा सुटायचा.

चौथ्या टाक्याला फोन वाजला.

“बाबा.” ती हसू दाबत होती की दुसरं काही, कळेना. “दिवा लागतोय. थांबून थांबून. उसवताय ना?”

मास्तरांनी पट्टी मांडीवर उलटी ठेवली. ब्लेड हातातच.

“आता परत शिवू नका,” लेक म्हणाली. “उसवलेलीच राहू दे. रविवारी येते. मीच शिवेन, तुम्ही नुसतं बघायचं.”

“सरळ टीप घालशील,” मास्तर कसेबसे म्हणाले.